‘यमू पळून का गेली नाही?’

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, करमाळा तालुक्यातला. आमच्या घरात पाठ्यपुस्तकं सोडून दुसरं पुस्तक कधी आलं नाही. यंदा अभ्यासाला हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आहे. वर्गातले बहुतेक जण गाइडवर भागवतात, मी वसतिगृहात आख्खी वाचली. पहिली शंभर पानं सरता सरेनात. ‘घरांत’, ‘माझें’, जागोजागी टिंबं. नंतर मात्र खाली ठेववेना. विधवा झालेल्या यमूचं केशवपन होतं, डोकं भादरतात, तिथं रात्री दोनला पुस्तक मिटलं, पण झोप लागली नाही. सरांनी विचारलं, ‘आवडली का?’ मला हो म्हणवलं नाही. तिच्या सासरच्या शंकरमामंजींचा राग आला होताच, पण खरं सांगतो, यमूचाही आला. ती पळून का गेली नाही? आणि आमच्यात केशवपन नव्हतंच. माझ्या पणजीचा पाट लागला होता, म्हणजे विधवा झाल्यावर दुसरं लग्न. मग हे पुस्तक माझं आहे की दुसऱ्याच्या घरात मी नुसता डोकावतोय?

उत्तर : मित्रा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘आवडली का’ हा प्रश्नच या कादंबरीला विचारू नये. तू गप्प राहिलास ते बरोबर केलंस.

टिंबांचं आधी सांगते. ते जुनं शुद्धलेखन, 1962च्या नियमांनी गेलं. त्यातली बरीच टिंबं उच्चारायची नसतातच. मोठ्यानं वाच, दहा पानांत डोळ्यांना दिसेनाशी होतात. सुरुवातीच्या संथपणाला वेगळं कारण आहे. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, तुझ्याहून फार मोठे नव्हेत. ही कादंबरी त्यात आठवड्या-आठवड्यानं येत होती, पुस्तक झालं 1893 मध्ये. लोकांनी यमूला हळूहळू वाढताना पाहिलं. ती आणि तिचा दादा, माहेर, सासरची माणसं, दुर्गीचे हाल, मग मुंबईतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस. अनर्थ आला तोवर ती शेजारच्या घरातली मुलगी झालेली होती. ती शंभर पानं गाळली असतीस तर त्या रात्री तुला शांत झोप लागली असती.

आता पळून जाण्याचं. मी एकोणीस वर्षांची असताना ही कादंबरी पहिल्यांदा वाचली आणि मलाही हाच राग आला होता. आमच्या घरी तेव्हा आत्याआजी होती, माझ्या आजोबांची थोरली बहीण. विधवेचं लाल आलवण, एकवेळ जेवण. तिला वाचता येत नसे, म्हणून दुपारी निवडण-टिपण चालायचं तेव्हा मी तिला वाचून दाखवायचे. केशवपनाच्या प्रकरणाशी आल्यावर मी अडखळले. म्हटलं, राहू दे. ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, ‘वाच.’ वाचलं. बराच वेळ सूप तसंच धरून बसली. मग विचारलंन, ‘तिला धरून ठेवलं होतं का गं? मला कुणी धरलं नव्हतं. परसात पाट मांडला होता, मी आपली जाऊन बसले. पंधरा वर्षांची होते.’

त्या दिवसापासून यमूचा राग मला कधी आला नाही. ती निदान ‘नको’ म्हणाली, म्हणून बळजबरी करावी लागली. आणि जायचं कुठं होतं? विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं 1856 पासून परवानगी होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागे. पंडिता रमाबाईंचं शारदासदन, विधवांना आसरा आणि शिक्षण देणारी शाळा, मुंबईहून पुण्याला आलं तेच मुळी 1890 मध्ये. तिथली विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा, हिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये लग्न केलं, तर त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. कर्वे पुरुष होते, शिकलेले होते, कमावते होते. यमूजवळ यातलं काय होतं?

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. तोच मला सर्वांत मोलाचा वाटला. पुस्तक ब्राह्मण घरातलं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण वस्तरा कुणाच्या हातात होता? तो न्हाव्याच्या हातात होता. कादंबरी सुरू झाली त्याच 1890 साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांची डोकी भादरायची नाहीत असा ठराव झाला. हरिभाऊंच्या कादंबरीइतकंच मोठं काम आहे हे, आणि ते तुझ्या-माझ्या गाइडांत नसतं. त्याआधी 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं, त्याला दिलेलं ते खणखणीत उत्तर. ताराबाई मराठा घरातल्या. हरिभाऊंनी बाईचा आवाज समजून घेऊन लिहिला, ताराबाईंचा आवाज त्यांचा स्वतःचा आहे. छोटं पुस्तक आहे, यमूनंतर लगेच तेच हाती घे. तुझ्या रागाला तिथं सोबत मिळेल.

आणि पणजीचा पाट. लग्न दिवसाउजेडी वाजतगाजत, पाट पुष्कळ ठिकाणी रात्री, चारचौघांत, हळू आवाजात. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान असेच असं नाही. तुझी आजी हयात असेल तर सुट्टीत तिच्याजवळ बस आणि विचार : पणजीला विचारलं होतं का? पहिल्या घरची मुलं होती का, ती कुणाकडे राहिली? त्या रात्री तिनं कुठलं लुगडं नेसलं होतं? आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे आणि मला पाठव.