सायकल चालवून मांड्या सोलवटतात, काय करू?

प्रश्न: ताई, तासभर सायकल चालवली की जांघेत कातडी लाल होऊन नुसती आग आग होते, पावडर लावूनही तेच.

उत्तर: अरे, पावडर घामाने भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच उलट घासतात. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घे आणि आत अंडरवेअर अजिबात घालू नकोस, ऐकायला विचित्र वाटेल पण तिची शिवणच तर कातडी सोलते. निघताना जांघेत व्हॅसलीनचा पातळ हात फिरव. सीट जास्त उंच असली की पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि घासणं वाढतं, तेही बघच. घरी आल्यावर घामट शॉर्ट्समध्ये बसून राहू नकोस, लगेच अंघोळ. पू दिसला तर मात्र सायकल बंद आणि सरळ डॉक्टरकडे जा.