व्हिक्टोरियन काळातल्या ‘पेटंट’ औषधांना खरंच पेटंट असायचं का?

बहुतेकांना नसायचं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते उघड करावं लागतं, आणि या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे ते गुपितच. नोंदवलेलं असायचं ते फार तर नाव. शिवाय इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर कर होता, त्याचं सरकारी तिकीट डबीवर चिकटवलेलं असे. गिऱ्हाइकाला वाटायचं, सरकारनेच पसंती दिली आहे!

आत काय असे? बीचम्स पिल्स घ्या. डबीची जाहिरात ‘गिनी मोलाची’ (म्हणजे २५२ पेनींची) अशी, किंमत साडेतेरा पेनी. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये छापलेल्या पृथक्करणात निघालं काय, तर काळा बोळ (कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या मालाचा खर्च जेमतेम अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. हे निदान निरुपद्रवी म्हणायचं. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ मात्र सरळसरळ काकवीत कालवलेली अफू होती, आणि ती रडक्या तान्ह्या बाळांना पाजत. बाळ गप्प व्हायचं, कधीकधी कायमचं.

पण सगळंच थोतांड होतं असं म्हणता येत नाही. काळ्या बोळाने पोट साफ होतंच, अफूने जुलाब आणि वेदना थांबतातच. खोट होती ती एकाच गोळीने डोकेदुखीपासून यकृतापर्यंत सगळं बरं करण्याच्या दाव्यात.