जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत नेमकं काय पाहावं?

आत शिरायची घाई करू नका. बाहेरच्या भिंतीसमोर दहा मिनिटं थांबा. बांधकाम १५९४ साली सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. लाल जांभ्यात बसवलेला काळा बेसाल्ट समुद्रमार्गे वसईहून आणलेला आहे. वर माथ्यावर जेझुइटांची (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची) 'आयएचएस' ही अक्षरं, म्हणजे येशूच्या नावाचं संक्षिप्त रूप, कोरलेली दिसतील. हा उघडा जांभा मात्र मूळचा नव्हे. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला. जांभा पाणी शोषतो आणि कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. तो गिलावा परत यावा असं मला मनापासून वाटतं.

आत नजर सरळ सोनेरी वेदीवर जाते: मोठी मूर्ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची, तिच्या पायाशी बाल येशू. उजव्या बाजूला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. त्यांचं पार्थिव ठेवलेली चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचा, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये इथे उभा राहिला. त्यावरचे ब्राँझचे पट बहुतेकजण बघतच नाहीत. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, मिसा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर शांतपणे मागे बसा. नंतर रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पाहा. त्याला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये कोसळला. त्याच्या पांढऱ्या भिंती पाहिल्या की बॅसिलिका पूर्वी कशी दिसत असेल याचा अंदाज येतो.