मढ्याच्या टाळूवरचं लोणी, की कावळा नि फांदी?

प्रश्न असा आलाय: २०१० साली मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश तेलकंपनीच्या विहिरीवर स्फोट झाला, त्याच्या आधीच गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने बीपीचे शेअर विकून नफा कमावला. या वागण्याला ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. प्रेताच्या डोक्याला लोणी लावायची चाल होती, तेसुद्धा चाटायला जो मागेपुढे पाहत नाही त्याच्यासाठी हा वाक्प्रचार. म्हणजे आधी मरण, मग खाणं. मढंच नसेल तर लोणी कुठून येणार? गोल्डमनची विक्री जानेवारी ते मार्चमधली; त्या विहिरीवरच्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या तेलफलाटावर स्फोट झाला २० एप्रिलला. त्यात ११ कामगार गेले.

लोकांना म्हणायचंय ते वेगळंच आहे: यांना आधीच कळलं होतं. त्यासाठी मराठीत ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ आहे. भिंतीला ओल दिसते, पाणी कुठून येतंय ते दिसत नाही. आरोप न करता संशय बोलून दाखवायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. आणि संशयाला जागा होतीच. त्या तिमाहीत गोल्डमनकडचे बीपीचे सुमारे ४६.८ लाख शेअर कमी झाले, जवळ होते त्यातले ४४ टक्के. त्यात स्फोटाच्या चारच दिवस आधी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल गोल्डमनवर दावा ठोकला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! पुढे असंही निघालं, की तेलाचा तवंग फोडायला समुद्रात जे कोरेक्झिट नावाचं रसायन ओतलं, ते बनवणारी नाल्को कंपनी २००३ साली ज्यांनी घेतली त्यांत गोल्डमनही होती. (तो हिस्सा स्फोटाच्या आधीच विकून झाला होता, पण हे सांगितलं की गोष्टीतली गंमत जाते.)

पण कागद नीट बघावेत. ज्या तिमाही विवरणावरून ही बातमी झाली, त्यात फर्मचे स्वतःचे आणि तिने गिऱ्हाइकांसाठी सांभाळलेले शेअर एकाच ढिगात मोजलेले असतात. शिवाय मार्चअखेर ५६ टक्के शेअर तसेच होते. संकट येणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूस निम्म्याहून जास्त माल अंगावर ठेवेल? स्फोटाआधी ६० डॉलरच्या आसपास असलेला भाव जूनअखेर ३० च्या खाली गेला होता. म्हणून माझं मत ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ याला. संस्कृत हवं असेल तर काकतालीय न्याय.

तुमच्या वाक्यात ‘नफा कमावला’ असंही आहे, तेही काढा. ज्याने आधी विकलं त्याचा तोटा टळला, एवढंच. पडत्या भावावर कमावतो तो मंदीवाला. तो हातात नसलेला माल आधी विकतो आणि भाव उतरल्यावर घेऊन देतो. बाजारात सरळ ‘शॉर्ट केलं’ म्हणतात, तसंच लिहिलंत तरी चालेल.

मग टाळूवरचं लोणी शोभतं कुठे? भोपाळला. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, हजारो माणसं मेली आणि न्यूयॉर्कमध्ये कंपनीचा शेअर गडगडला. तो स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर जीएएफ नावाच्या कंपनीने १९८५ साली सगळी कार्बाइडच गिळायचा घाट घातला. तो हाणून पाडायला कार्बाइडने स्वतःचेच शेअर चढ्या भावाने परत घेतले, आणि पुढच्या वर्षी एव्हरेडी बॅटऱ्यांचा धंदा विकून टाकला. भागधारकांचं चांगभलं झालं. जीएएफला कंपनी मिळाली नाही, पण घेतलेल्या शेअरवर तिनेही बक्कळ कमावलं. भोपाळच्या भरपाईचा आकडा ठरायला मात्र १९८९ उजाडलं: ४७ कोटी डॉलर, सगळ्यांचे मिळून. इथे वाक्प्रचार बेधडक वापरा.

फक्त तो वापरताना सोवळा करू नका. ‘मृताच्या टाळूवरील लोणी’ असं छापलेलं हल्ली दिसतं. ‘मढं’ हा शब्द ओबडधोबड आहे, कानाला लागतो, आणि सगळा डंख त्यातच आहे. ‘मृत’ म्हटलं की शोकसभेचा ठराव ऐकल्यासारखं वाटतं.