ताज्या पीचचा ओव्हनमध्ये होणारा सोपा गोड पदार्थ कोणता?
नाशिकच्या बाजारात मे-जूनमध्ये हिमाचल, उत्तराखंडकडचे पीच मिळाले, तर मी क्रम्बलच, म्हणजे फळांच्या फोडींवर मैदा-बटरचा चुरा पसरून भाजलेला पदार्थच, सुचवेन. अर्धा किलो पिकलेल्या, पण घट्ट पीचच्या फोडींना दोन चमचे साखर, थोडा लिंबाचा रस आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर लावावे, कारण तापल्यावर फळाला सुटणारे पाणी त्यामुळे दाट होते. त्यावर 100 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम साखर आणि 60 ग्रॅम थंडगार बटर बोटांच्या टोकांनी चोळून केलेला रवाळ चुरा पसरावा; बटर मऊ पडले की चुऱ्याचा गोळा होतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते ऐनवेळीच फ्रीजमधून काढावे. 180 अंश सेल्सिअसवर सुमारे 35 मिनिटे, कडेने रस खदखदेपर्यंत भाजावे. साल मात्र काढू नये. तिचा लालसर रंग रसात फार सुंदर उतरतो.