हात मागे बांधून उभी राहा

प्रिय पोरी,

मलावीहून आलेलं तुझं पत्र मिळालं. गावाचा हातपंप बंद पडून तीन आठवडे झाले, पाणवठा समिती नुसती ‘बघू’ म्हणते, बायका पहाटे दांबोतल्या, म्हणजे सखल पाणथळ जमिनीतल्या, उघड्या झिऱ्यावर जाऊन गढूळ पाणी भरतात, आणि तुझ्या खात्यात मित्रमैत्रिणींनी जमवून पाठवलेले पैसे पडून आहेत. ‘देऊन टाकू का?’ एवढाच तुझा प्रश्न आहे. बाकीची पानं त्या प्रश्नाभोवती घिरट्या घालतात.

देऊ नकोस. तिथल्या चलनातला एक क्वाचासुद्धा देऊ नकोस.

राग येईल तुला, येऊ दे. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कशाला भाजतेस, हे ऐकूनही तू स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत, मलावीला गेलीस. आठ वर्षांची मुलगी शाळा बुडवून डोक्यावर बादली वाहते हे बघून तुझ्यासारखीला झोप लागत नसणार, हेही मला कळतं. म्हणून तुला धीर द्यायच्या फंदात मी पडत नाही. मला एकच गोष्ट तुझ्या डोक्यात पक्की बसवायची आहे. गावातलं माणूस जे करू शकतं, ते आपण करायचं नाही. हात मागे बांधून उभं राहायचं.

आधी समितीबद्दल. तू त्यांना बेफिकीर म्हणालीस. पोरी, महिना कुठला चाललाय? फेब्रुवारी. तिथे पाऊस वर्षातून एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल. आदल्या वर्षीचा मका आतापर्यंत बहुतेक घरांत संपलेला असतो आणि नवीन कणसं मिळायला मार्च उजाडतो. मधले हे महिने भुकेचे. मोठी माणसं स्वतःच्या शेतातली खुरपणी अर्धी टाकून दुसऱ्याच्या शेतात गान्यूला, म्हणजे उक्त्या मजुरीला जातात. त्या मजुरीत मिळालेल्या पिठाची रात्री न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, होते. अशा दिवसांत खजिनदारीण दारोदार वर्गणी मागत फिरली तर तिच्या हातावर कोण काय ठेवणार? ती ‘बघू’ म्हणते, कारण तिच्याकडे दुसरं उत्तर नाही. हातात पैसा खुळखुळतो तो काढणी झाल्यावर, मे-जूनमध्ये. वर्गणी तेव्हाच गोळा करून ठेवायला हवी होती, हे तिला आज जितकं लख्ख कळतंय तितकं कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नसतं. तू पैसे दिलेस की तेच कळणं पुसून टाकशील.

आणि पंप कुठला आहे ते तू नीट बघितलंस का? वर्णनावरून ॲफ्रिडेव्ह दिसतो. सोलापूर पंपावरून पुढे घडलेला आपल्याकडचा इंडिया मार्क टू हातपंप जगभर गेला. तो दणकट आहेच, पण त्याच्या आतलं काही बदलायचं तर जमिनीतले लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्याला जड अवजारं लागतात आणि शिकलेली टोळी लागते. ॲफ्रिडेव्ह 1980च्या दशकात मलावी आणि केनियातल्या चाचण्यांमधून तयार झाला, तो गावाला स्वतः उघडता यावा म्हणूनच. पाइप जमिनीतच राहतो. एका पान्याने वरचं डोकं उघडतं. सळया एकमेकींत आकड्याने अडकवलेल्या असतात, त्या हाताने सुटतात. तळाची झडपसुद्धा त्याच पाइपातून वर घेता येते. झिजतात ते मुख्यतः दट्ट्याचं यू-सील, म्हणजे पाणी निसटू न देणारं रबरी कडं, आणि दांडा ज्यांत फिरतो ते प्लॅस्टिकचे बुश, आणि ते बदलायचे असतातच. गावाला जमावं म्हणून मुद्दाम बनवलेलं यंत्र आहे हे. त्यासाठी तू लागत नाहीस.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या आरडब्ल्यूएसएन या संघटनेने 2009 साली सहाराच्या दक्षिणेकडच्या 20 देशांचे आकडे एकत्र मांडले. तेव्हा सुमारे 36 टक्के हातपंप बंद होते. त्या प्रत्येक पंपासाठी कुणीतरी पैसे दिले होते, कुणीतरी फीत कापली होती. पंप बसवणारे भेटतात ग. अडतं ते एका सीलपाशी.

मीही मलावीतच, देड्झाकडच्या एका गावात होते तेव्हा आमचाही पंप असाच ऐन पावसाळ्यात गेला. पैसे माझ्याकडेही होते. मी दिले नाहीत. बैठकांना जाऊन बसत होते, विचारलं तरच बोलत होते. आठवड्यामागून आठवडे गेले. शेवटी कुणी कोंबडी दिली, कुणी घेवड्याच्या शेंगा, कुणी दोन दिवसांची गान्यूची कमाई. ते सगळं बोमाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या, बाजारात विकून खजिनदारीण सील आणि बुश घेऊन आली.

दुरुस्तीला समितीतल्या दोघी बसल्या. सळया एकेक सोडवून धुतलेल्या पोत्यावर ओळीने मांडल्या, चिखल उडू नये म्हणून पोरांना लांब पिटाळलं. जुन्या यू-सीलची कड एका बाजूने झिजून पार पातळ झाली होती. ती थोरलीने बोटाने चाचपली, धाकटीच्या बोटालाही चाचपायला दिली. मग नवं सील बसवलं. उलटं. मला दिसलं ते. पुस्तिका माझ्या पिशवीत होती, चित्रासकट. हात नुसते शिवशिवत होते, जीव खाली-वर होत होता. मी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरलं आणि गप्प उभी राहिले. सगळ्या सळया परत आत गेल्या. धाकटीने दांडा हाणला, पाणी नाही. आणखी हाणला, नाही. जमलेल्या बायका कुजबुजायला लागल्या. थोरली खाली बसली, जुनं सील पुन्हा हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, काढा सगळं. दुपार कलली तेव्हा पाणी आलं. पुढच्या हंगामात शेजारच्या गावाचा पंप बिघडला तेव्हा त्यांनी या दोघींना बोलावणं धाडलं. मला नाही. माझ्या तिथल्या सगळ्या काळातला सर्वांत मोठा सन्मान मी तोच मानते.

यावरून मला बरंच ऐकावं लागलं आहे. आमच्या कामावर देखरेख करणारे एक वरिष्ठ तोंडावर म्हणाले, तुमच्या तत्त्वापायी बायांचे हाल झाले. झाले. मी नाकारलं नाही. माझ्या शेजारची बाई तेव्हा पोटुशी होती आणि ती रोज झिऱ्यावर जात होती. माझ्याकडे पैसे आहेत हे तिला माहीत होतं, गावात काही झाकून राहत नाही. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी गाव सोडलं त्या दिवशी सगळे आले, ती आली नाही. ते मला अजून सलतं. कितीतरी रात्री मी मनातल्या मनात तिला समजावत बसले आहे, की बाई, मी जाणार होते, तू राहणार होतीस, तुझी लेक राहणार होती, माझ्या पैशाने आलेलं सील पुढच्या खेपेला झिजलं असतं तेव्हा तू कुणाकडे बघितलं असतंस? तिला हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. मला पटतं. आज पुन्हा त्याच जागी नेऊन उभं केलं तरी मी हात मागेच ठेवीन.

अपवाद एकच सांगते, आणि तो कानात तेल घालून ऐक. 2022-23 मध्ये मलावीत कॉलऱ्याची जी साथ आली तीत 1,700हून जास्त माणसं गेली. त्या देशातली आजवरची सर्वांत भयंकर साथ ती. झिऱ्याचं पाणी म्हणजे तोच धोका. गावात कुणाला पाण्यासारखे जुलाब लागल्याचं कळलं तर माझं तत्त्व गुंडाळून ठेव आणि जे लागेल ते कर, गाडी, पैसा, सगळं. पण तिथवर वाट कशाला बघायची? त्या भागाची सरकारी आरोग्य कर्मचारी, एचएसए म्हणतात तिला, तिला उद्याच गाठ. पाण्यात टाकायचं क्लोरीन आहे का, संपलं असेल तर आरोग्य केंद्रातून कधी येणार, विचार. ती घरोघर जाईल तेव्हा पिशवी धरायला बरोबर जा. बोलणार ती, तू पिशवी धरणार. इथेही क्रम तोच.

‘दिवसभर मी काहीच करत नाही’ असं तू तिसऱ्या पानावर लिहिलंस. ते वाचून मात्र मी वैतागले. तू पहाटे उठून अंगण झाडतेस का? तिथे न झाडलेलं अंगण सगळ्यांच्या नजरेत येतं. स्वतःचं पाणी स्वतः आणतेस, की पोरांना बिस्किटं देऊन आणवतेस? वीस लिटरची बादली डोक्यावर ठेवून झिऱ्यावरून घरी ये, मान आखडू दे. मग समितीच्या बैठकीत तुला काय वाटतं याला काही वजन येईल. कमरेला चितेंजे, म्हणजे तिथल्या बायकांचं लुंगीसारखं कापड, गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस. वाटेत भेटेल त्या म्हातारीपाशी गुडघे टेकून विचारपूस कर, घाई असली तरी. आणि मयत झालं की हातातलं काम टाक. अख्खं गाव टाकतं. बायकांबरोबर मयताच्या घरी जमिनीवर बसून राहा, बोलायला काही नसलं तरी. तुझ्या अहवालात ते दिवस रिकामे दिसतील. दिसू देत. तू कोण आहेस हे गावाला त्याच दिवसांत कळतं.

शाळेचंही तसंच. मलावीत 1994 साली प्राथमिक शाळेची फी रद्द झाली आणि मुलांचा लोंढा आला. पहिलीच्या एकेका वर्गात शंभराच्या वर पोरं, कितीतरी ठिकाणी झाडाखाली. शिक्षकाला हायसं वाटावं म्हणून तू त्याचा वर्ग घ्यायला लागलीस, हे मला आवडलेलं नाही. त्याच्या शेजारी उभी राहा. मागच्या रांगेतल्या ज्या पोरांना फळा दिसत नाही त्यांच्यात बस. खडू त्याच्या हातात राहू दे.

आपल्यासारखे तिथे नवे नाहीत, हेही विसरू नकोस. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेचे तरुण त्या देशात 1963 साली आले, देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी. जपानचे आले, ब्रिटनचेही आले. तुझ्या गावचा म्हातारा मुखिया लहानपणापासून तुझ्यासारख्यांना येताना आणि जाताना बघत आला असेल. तू जाणार हे तो धरूनच चालतो. ते धरून चालायला अजून तयार नाहीस ती तूच.

तेव्हा आता एवढं कर. ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांना स्वच्छ कळव, की हे या कामासाठी वापरणार नाही, आणि ज्याचे त्याला परत कर. या आठवड्यातच कर, पैसा जवळ असला की निश्चय ढिला पडतो. खजिनदारणीला तिची वही दाखवायची विनंती कर. दाखवली तर नुसती बघ, सुधारणा सुचवू नकोस. मार्चमध्ये ओली कणसं आली, लोकांच्या पोटात अन्न गेलं, की समितीला एकच विचार, मेमध्ये वर्गणी कुठल्या दिवशी गोळा करायची. दिवस त्यांना ठरवू दे. आणि तोवर रोज त्या झिऱ्यावर बायकांबरोबर जा. झिऱ्याभोवती काट्यांचं कुंपण घालून गुरं दूर ठेवावीत असं त्यांच्यातली कुणी म्हणाली, तर काटे वाहायला सर्वांत आधी तू हो.

तुझी,
ताई