वाढदिवसाला आमच्याकडे भरीत असतं

तुम्ही विचारलंय, वाढदिवसाला किंवा घरचे सगळे जमले की तुमच्याकडे ठरलेला पदार्थ कोणता, आणि नवीन प्रथा पाडायची तर कशी. आमच्याकडचं सांगते. वडिलांच्या वाढदिवसाला आमच्याकडे भरीत असतं.

आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले, यावल तालुक्यातले. नानांचा वाढदिवस डिसेंबरात येतो, पण नेमक्या तारखेला तो झाल्याचं मला आठवत नाही. चातुर्मासात बंद झालेलं वांगं आजीच्या राज्यात थेट चंपाषष्ठीला सुटायचं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पुढचा जो रविवार सगळ्यांना जमेल तो नानांचा वाढदिवस. ती सवय अजून तशीच आहे.

वांगी बामणोद-भालोदकडची. हिरवी, गुबगुबीत, बिया कमी. शहरात भरताचं म्हणून जे काळंजांभळं वांगं देतात, ते आमच्याकडे भाजीवालाही ठेवत नाही. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आता भाव वाढणार."

वीस माणसांना सहा-सात किलो वांगी लागतात. भाजायची शेतातच, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. या काड्या भडभडा पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून एकाने सारखं सरपण सारायचं आणि दुसऱ्याने वांगी उलटायची. त्याआधी काडीने टोचे मारायचे, ते काम पोरांचं. एका वर्षी माझ्याकडून दोन वांगी टोचायची राहिली. फट्कन फुटली ती आत्याच्या नव्या साडीवर. साडी कधीच गेली, पण विषय दरवर्षी निघतो.

सोलताना बोटं पोळतात. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायला परवानगी, पण सोललेलं वांगं पाण्याखाली धरलं की आजी ओरडायची, "धुतलं तं चव बी गेली!" मग तो गर बडगीत, म्हणजे लाकडी परातीसारख्या खोलगट भांड्यात, मुसळीने ठेचायचा. मिक्सर लावला तर त्याची खळ होते, भरीत होत नाही. हिरव्या मिरच्या तेलात परतून लसणाबरोबर कुटायच्या. मग कढईत सढळ तेल, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, मिरची-लसूण, वरून भरीत आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही. सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणलेलं पीठ म्हणजे कळणा. पुऱ्या काकूच्या, त्यात कोणी हात घालत नाही.

बहिणीचा वाढदिवस मे महिन्यातला, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. तेव्हा आमरस आणि खापरावरचे पुरणाचे मांडे. पण मांडे हातावर फिरवून मोठे करणारी घरात आता एकटी आईच उरली आहे, त्यामुळे दोन वर्षं साध्या पुरणपोळ्यांवर भागवलं. बहीण बोलत नाही, पण चेहरा दिसतो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की एकट्या बाईला सगळं रांधावं लागेल असा पदार्थ निवडू नका. भरीत आमच्याकडे टिकलं, कारण त्यात पुरुषांना जाळापाशी उभं राहून गप्पा मारता येतात आणि तेच काम असतं. मी पुण्यात गॅसवर दोनदा करून पाहिलं. खाल्लं सगळ्यांनी, दुसऱ्यांदा कोणी मागितलं नाही. धुराचा वास हवाच, निदान गच्चीवर शेगडी तरी पेटवा.

केक येतो हल्ली, नातवंडांसाठी. नाना एक घास खातात आणि बडगीकडे बघत विचारतात, "मीठ टाकलं का?" गुडघ्यांमुळे त्यांना आता ठेचायला खाली बसवत नाही, म्हणून खुर्ची बडगीच्या शेजारीच टाकतो.